सुनेची ड्युटी सुटली, लेकीची लागली: जपानच्या ‘काइगो होकेन’चं परीक्षण

टोकियो-योकोहामात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने चाळिशी गाठली की पगाराच्या स्लिपवर एक नवी कपात दिसू लागते. तिचं नाव ‘काइगो होकेन’, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचा सरकारी विमा. लहान-मध्यम कंपन्यांचे कर्मचारी ज्या ‘क्योकाई केन्पो’ आरोग्य विम्यात असतात, तिथे २०२५-२६ साठी हा दर पगाराच्या १.५९ टक्के होता. निम्मा मालक भरतो, निम्मा आपण. पगार ४ लाख येन असेल तर दरमहा सव्वातीन हजार येनच्या आसपास जातात. देश सोडून परत आलात तर पेन्शनच्या हप्त्यांतला काही भाग अर्ज करून मिळतो, काइगो होकेनचा एक येनही मिळत नाही. नागपूर-सांगलीतल्या आईवडिलांसाठी तर तो वापरताच येत नाही. तेव्हा आपण भरतोय ते नक्की कशासाठी आणि ती सेवा आहे कशी, हे समजून घेतलेलं बरं.

परीक्षणाचा निकष आधीच सांगतो. खाटा किती, केंद्रं किती, बजेट किती, ह्या हिशेबाने ही सेवा जगातल्या उत्तम सेवांत बसते. पण १ एप्रिल २००० रोजी ती सुरू झाली तेव्हा दिलेलं वचन वेगळं होतं: म्हाताऱ्यांची सेवा घरातल्या बाईच्या खांद्यावरून उतरवून समाजाच्या खांद्यावर ठेवायची. म्हणून मोजायचे ते बाईचे तास. त्या हिशेबाने आमचा कौल असा: सेवा घेणाऱ्या आजीसाठी दहापैकी आठ, घरातल्या नोकरदार मुलीसाठी पाच, आणि घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या होमहेल्पर बाईसाठी तीन.

हा विमा लोकसंख्या धोरणाच्या पोटातूनच आला आहे. १९४१ मध्ये जपानी मंत्रिमंडळाने ठरवलं होतं की जोडप्यामागे सरासरी पाच मुलं व्हावीत, त्यासाठी लग्नाचं वय तीन वर्षांनी खाली यावं आणि १९६० पर्यंत लोकसंख्या १० कोटींवर जावी. युद्ध हरल्यावर फासे उलटे पडले. १९४८ च्या कायद्याने गर्भपाताला वाट करून दिली, पुढच्याच वर्षी आर्थिक कारणही ग्राह्य धरलं. (ह्याच कायद्याखाली सक्तीच्या नसबंद्याही झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो भाग घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै २०२४ मध्ये.) १९४७ ला बाईमागे ४.५४ असलेला जननदर १९५७ पर्यंत २.०४ वर आला. दहा वर्षांत निम्म्याहून खाली. आज ६५ च्या पुढचे लोक २९ टक्क्यांवर आहेत, त्याची एक गाठ ह्या दशकात मारली गेली आणि दुसरी वाढत्या आयुर्मानाने.

मुलं कमी झाली तरी सुना होत्याच, असा सरकारचा हिशेब होता. आरोग्य-कल्याण मंत्रालयाच्या १९७८ च्या श्वेतपत्रिकेत मुलांसोबत राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांना कल्याणव्यवस्थेची ‘छुपी मालमत्ता’ म्हटलं आहे. ताळेबंदात न दिसणारी ही मालमत्ता म्हणजे पगाराविना राबणारी सून, हे वेगळं सांगायला नको. १९८६ पासून पेन्शनमध्येही तिची सोय लागली: नोकरदाराच्या बायकोची कमाई एका मर्यादेच्या आत राहिली तर तिला हप्ता न भरता पेन्शन. आज ही मर्यादा साधारणपणे वर्षाला १३ लाख येन आहे. ‘तेवढंच कमवा, उरलेला वेळ घरी द्या’ हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच. पुढे १९८९ चा जननदर १.५७ निघाला. १९६६ च्या ‘अग्नी-अश्व’ वर्षात, म्हणजे त्या साली जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते ह्या समजुतीमुळे, तो १.५८ पर्यंत उतरला होता. त्या अंधश्रद्धेच्या वर्षाहूनही साधं वर्ष खाली गेलं, म्हणून सरकार हादरलं. मुलं होणार नाहीत, सुना मिळणार नाहीत, मग म्हाताऱ्यांचं काय? डिसेंबर १९९७ मध्ये कायदा झाला तो ह्या प्रश्नापोटी.

रोख पैसे का नाहीत

ह्या सेवेचा सर्वात चांगला निर्णय तिच्यात नसलेल्या गोष्टीत आहे. घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकाला ती पैसे देत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये असाच विमा सुरू केला, तेव्हा सेवा नको असेल तर रोख भत्ता घ्या, अशी मुभा ठेवली. दक्षिण कोरियात २००८ पासूनच्या विम्यात घरच्याच माणसाने शुश्रूषेचं प्रमाणपत्र मिळवलं, तर दिवसाला ठरावीक वेळेचं मानधन मिळू शकतं. जपानमध्येही रोख भत्त्याची मागणी जोरात होती. तिला विरोध केला तो बायकांच्या संघटनांनी. १९८३ मध्ये स्थापन झालेली, केइको हिगुची ह्यांच्या नेतृत्वाखालची वृद्ध समाजविषयक महिला संघटना त्यात आघाडीवर होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: महिन्याला चार पैसे हातावर ठेवले की सुनेला ‘आता तर पैसेही मिळतात’ म्हणून कायमचं अडकवतील, आणि पैसे जातील सासऱ्याच्या खात्यात.

उलट बाजूला सत्ताधारी पक्षाचे शिझुका कामेई ह्यांच्यासारखे नेते होते. मुलांनी आईवडिलांची सेवा करण्याची सुंदर परंपरा ह्या विम्याने मोडेल, असा त्यांचा सूर. त्या रेट्यामुळे सुरुवातीचे सहा महिने ज्येष्ठांकडून हप्ताच घेतला नाही आणि पुढचं वर्षभर निम्मा घेतला. रोख भत्त्याची गोष्ट मात्र जवळपास बारगळली.

निकाल आकड्यांत दिसतो. २००१ मध्ये मुख्य शुश्रूषा करणाऱ्यांत एकत्र राहणारी सून (आकडेवारीत ‘मुलाचा जोडीदार’) २२.५ टक्के होती. २०२२ मध्ये ती ५.४ टक्क्यांवर आली. एकत्र राहण्याची पद्धतच ओसरली, हे त्याचं मोठं कारण, पण विमा नसता तर वेगळ्या राहणाऱ्या सुनेला रोज ट्रेनने यावं लागलं असतं. आपल्याकडच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात ‘मुलं’ ह्या व्याख्येत सून नव्हती, आणि २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावयाला आत घेण्याचा प्रस्ताव आला, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन देश, दोन दिशा.

अर्ज कसा करायचा, आणि कुठे फसतं

विमा चालवते ती नगरपालिका. टोकियोच्या मुख्य भागात वॉर्ड कार्यालय. पैसा निम्मा हप्त्यांतून आणि निम्मा करातून येतो (केंद्र २५, प्रांत १२.५, नगरपालिका १२.५ टक्के). ६५ पूर्ण झाले की विमा कार्ड घरी येतं, पण कार्ड दाखवून सेवा मिळत नाही. आधी शुश्रूषेची गरज किती, ती पातळी ठरवून घ्यावी लागते. ४० ते ६४ वयात फक्त १६ ठरावीक आजारांसाठीच दार उघडतं: पक्षाघात, पार्किन्सन्स, लवकर आलेला स्मृतिभ्रंश, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग वगैरे. अपघाताने अपंगत्व आलं तर हा विमा नाही, अपंगांसाठीची वेगळी योजना.

अर्ज वॉर्ड कार्यालयात किंवा भागातल्या ‘चिइकी होकात्सु’ मदत केंद्रात द्यायचा. केंद्राचे लोक आपल्या वतीनेही भरतात. मग सर्वेक्षक घरी येतो आणि ७४ मुद्दे तपासतो: कूस बदलता येते का, एका पायावर उभं राहता येतं का, सध्या ऋतू कोणता, जेवण गिळता येतं का. दुसरीकडे नगरपालिका डॉक्टरकडून अभिप्राय मागवते. दोन्ही कागद संगणकात जातात आणि ‘रोज किती मिनिटं शुश्रूषा लागेल’ असा आकडा निघतो. ३२ मिनिटांच्या पुढे काइगो १, ५० च्या पुढे २, ७० च्या पुढे ३, ९० च्या पुढे ४, ११० च्या पुढे ५. ह्यांशिवाय ‘योशिएन’ नावाच्या हलक्या मदतीच्या दोन पातळ्या. ही मिनिटं मोजपट्टीसाठी आहेत, घरातल्या प्रत्यक्ष वेळेशी त्यांचा संबंध लावायला गेलात तर निराशा होईल. शेवटी तज्ज्ञांची समिती संगणकाचा आकडा आणि शेरे बघून पातळी पक्की करते. कायद्याने हे ३० दिवसांत व्हायला हवं, प्रत्यक्षात अनेक ठिकाणी महिन्याच्या पुढे जातं. मात्र पातळी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे तातडी असेल तर तात्पुरत्या योजनेवर सेवा सुरू करता येते. धोका एवढाच की पातळी अपेक्षेपेक्षा खालची आली, तर वरचा खर्च पूर्ण आपल्या अंगावर.

बहुतेकांचं फसतं ते सर्वेक्षणाच्या दिवशी. पाहुणा आला की जपानी आजोबा ताठ बसतात. ‘जिना चढता येतो का?’ ‘येतो.’ ‘अंघोळ?’ ‘स्वतः करतो.’ सर्वेक्षक ते लिहून घेतो आणि हातात येते योशिएन २. त्यामुळे घरच्या माणसाने त्या दिवशी हजर राहावं, आणि आजोबांसमोर वाद न घालता दोन आठवड्यांची नोंद कागदावर द्यावी: रात्री किती वेळा उठले, गॅस किती वेळा चालू राहिला, किती वेळा घराबाहेर पडून वाट चुकले, कपडे किती वेळा खराब झाले. हे सर्वेक्षकाच्या ‘विशेष शेऱ्यां’त गेलं पाहिजे, कारण समिती संगणकाचा निकाल बदलते ती बहुधा ह्याच शेऱ्यांवर. चालते-फिरते पण विसरणारे रुग्ण ह्या मोजणीत हमखास खाली राहतात. हातपाय धड असले की यंत्राला माणूस धड वाटतो.

डॉक्टरचा अभिप्रायही वाटेल त्याच्याकडून घेऊ नये. वर्षातून एकदा डोळे तपासणारा डॉक्टर काय लिहिणार? नेहमीचा फॅमिली डॉक्टर निवडा आणि तीच नोंद त्यालाही द्या. पातळी चुकली असं वाटलं तर प्रांताच्या मंडळाकडे तीन महिन्यांत अपील करता येतं, पण ते रखडतं. जाणकार केअर मॅनेजर (सेवेचा आराखडा बनवणारे) ‘कुबुन हेन्को’ म्हणजे पातळी बदलण्याचा नवा अर्ज करायला सांगतात. तोच जलद मार्ग. नव्या प्रमाणपत्राची मुदत सहसा सहा महिने असते. नूतनीकरण विसरलात तर सेवा बंद नाही पडत, बिल शंभर टक्के येतं.

आणखी एक खोडा हप्त्यांचा. ६५ नंतर पेन्शन वर्षाला १ लाख ८० हजार येन किंवा अधिक असेल तर हप्ता पेन्शनमधूनच कापला जातो. ज्यांना स्वतः भरावा लागतो ते चुकवतात. दोन वर्षांपेक्षा जास्त थकलं, तर सेवा घ्यायची वेळ आल्यावर १० टक्क्यांऐवजी ३० टक्के पदरचे भरावे लागतात. हा सरासरी हप्ता सुरुवातीला महिना २,९११ येन होता, २०२४ ते २०२६ साठी ६,२२५ आहे. ओसाका शहरात ९,२४९, देशात सर्वाधिक.

पदरात काय पडतं

पातळी मिळाली की केअर मॅनेजर निवडायचा. तो महिन्याचा आराखडा बनवतो, संस्थांशी बोलतो, दर महिन्याला घरी येऊन पाहतो, आणि त्याचे पैसे आपल्याला पडत नाहीत. पूर्ण सेवेतली ही सर्वात भरवशाची गोष्ट. चांगला केअर मॅनेजर म्हणजे निम्मी लढाई जिंकली. पटला नाही तर बदलता येतो, त्यात संकोच करू नये. मात्र त्याची संस्था स्वतःच डे केअर चालवत असेल, तर आराखड्यात तिचंच केंद्र पुन्हा पुन्हा येतं का, हे बघावं.

खर्चाची महिन्याची मर्यादा ‘युनिट’मध्ये मोजतात. काइगो १ ला १६,७६५ युनिट, २ ला १९,७०५, ३ ला २७,०४८, ४ ला ३०,९३८ आणि ५ ला ३६,२१७. एक युनिट साधारण १० येन, महाग शहरांत थोडं अधिक. ह्यातले १० टक्के आपण भरायचे. बऱ्या उत्पन्नाच्या ज्येष्ठांना २०१५ पासून २० टक्के, त्याहून वरच्यांना २०१८ पासून ३० टक्के.

काइगो २ च्या आजीचा एक साधा आराखडा मांडून बघू. आठवड्यातून दोनदा डे केअर, सात ते आठ तास, गाडी दारापर्यंत येते-नेते, तिथेच अंघोळ: एका दिवसाचे ७७७ आणि अंघोळीचे ४० युनिट, महिन्यात आठ दिवसांचे ६,५३६. रोज सकाळी होमहेल्पर अर्धा तास, कपडे बदलणं आणि शौचाला मदत: २४४ युनिट, तीस दिवसांचे ७,३२०. मिळून १३,८५६. वर खाट भाड्याने घेतली आणि महिन्यातून दोन-तीन दिवसांचा शॉर्ट स्टे (आश्रमात तात्पुरता मुक्काम) ठेवला तरी बहुधा मर्यादेत बसतं. जेवण-खोलीचे पैसे सोडून पदरचे साधारण २० हजार येनच्या आत. येन साठ पैशांच्या आसपास धरला तर बारा हजार रुपये. पुण्यात ब्युरोतून बारा तासांची ताई ठेवणाऱ्या घरांना हा आकडा स्वस्त वाटेल. सेवा प्रशिक्षित, नोंद लिहिलेली, सुट्टी घेतली तर बदली माणूस हजर.

पण तास मोजा. आठवड्याचे तास १६८. डे केअरचे पंधरा, होमहेल्परचे साडेतीन. उरलेले जवळपास १५० तास कोण? सर्वात वरच्या काइगो ५ ला, जिथे माणूस बहुधा अंथरुणावरच असतो, तिथे सगळी मर्यादा होमहेल्परवर घातली तरी एका तासाच्या आतल्या भेटी (प्रत्येकी ३८७ युनिट) महिन्याला ९३ बसतात. दिवसाला तीन. रात्री कूस बदलणार कोण, हे विम्याने गृहीत धरलंय, लिहिलेलं नाही. २०१२ पासून दिवसरात्र फेऱ्या आणि बोलावल्यावर येणारी ठरावीक मासिक दराची सेवाही आहे, आणि जिथे आहे तिथे ती आधी विचारावी. दुर्दैवाने गावोगावी नाही.

डे केअरची वेळही बघा. सकाळी नऊच्या सुमारास गाडी येते, संध्याकाळी पाचच्या आत घरी सोडते. आठ तासांची नोकरी आणि तासाभराचा ट्रेनचा प्रवास असलेली मुलगी ह्यात बसत नाही. आजीला सकाळी ताप निघाला तर केंद्र घेत नाही. शॉर्ट स्टे आयत्या वेळी मिळत नाही. लग्नकार्य, परदेशप्रवास असेल तर दीड-दोन महिने आधी केअर मॅनेजरला सांगावं लागतं.

आता होमहेल्परने काय करायचं नाही ते. तिच्या कामाचे दोन भाग: अंगाची शुश्रूषा आणि घरकामाची मदत. घरकामात आजीची खोली, आजीचे कपडे, आजीचं जेवण. शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाचं ताट नाही, खिडक्यांच्या काचा नाहीत, अंगणातलं गवत नाही, कुत्र्याला फिरवणं नाही, नवीन वर्षाचे पदार्थ नाहीत. इथवर ठीक. पण घरात दुसरं माणूस राहत असेल तर घरकामाची मदतच सहसा नाकारली जाते. सरसकट नाकारू नका, असं मंत्रालयाने नगरपालिकांना पुन्हा पुन्हा कळवलंय, तरी खिडकीवर ‘मुलगी सोबत राहते ना?’ हा प्रश्न येतोच. मुलगी ऑफिसात रात्री आठपर्यंत असते, हे लेखी द्यावं लागतं. २०१८ पासून घरकामाच्या भेटी ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्या (काइगो १ ला महिन्याला २७, काइगो ३ ला ४३) तर आराखडा नगरपालिकेला दाखवावा लागतो. म्हणजे दिवसातून दोनदा कुणी येऊन जेवण वाढावं, ह्यालाही कारण द्या. १९७८ ची छुपी मालमत्ता अशी मागच्या दाराने परत येते. सुनेच्या जागी आता लेक.

सोय म्हणून चांगल्या, पण कमी लोकांना माहीत असलेल्या दोन गोष्टी. घरात कठडे, उंबरे काढणं, सरकते दरवाजे, कमोड बसवणं ह्यासाठी २ लाख येनपर्यंतच्या कामावर विमा लागतो, मात्र काम सुरू करण्याआधी अर्ज हवा. आधी काम आणि मग अर्ज केला तर एक पैसा नाही. अंघोळीची खुर्ची, खाटेशेजारचं भांडं ह्यांना वर्षाला १ लाख येन. चाकाची खुर्ची आणि खाट भाड्याने मिळते ती सहसा काइगो २ पासून पुढे.

वृद्धाश्रमाचं दार

सरकारी मदतीचा ‘टोकुयो’ म्हणजे लोकांना हवा असतो तो कायमचा आश्रम. एप्रिल २०१५ पासून नव्याने प्रवेश काइगो ३ आणि त्यावरच्यांनाच मिळतो, अपवाद सोडून. २०२२ मध्ये ह्या पातळीवरचे अडीच लाखांहून अधिक लोक रांगेत होते. रांग अर्जाच्या क्रमाने सरकत नाही, गुणांनी सरकते: पातळी, एकटं राहणं, घरी सेवा करणाऱ्याची अवस्था. म्हणून अर्ज पाच-सहा ठिकाणी टाकावेत आणि घरची परिस्थिती बदलली की लगेच कळवावं. २००५ पासून जेवण आणि खोलीचं भाडं विम्याबाहेर आहे. नव्या धर्तीच्या स्वतंत्र खोलीत काइगो ५ चा माणूस ठेवला तर सगळं धरून महिना १ लाख ३० हजार येनच्या पुढे जातं. उत्पन्न आणि बचत कमी असेल तर जेवण-खोलीत सवलत आहे, पण बँकेचं पासबुक दाखवावं लागतं.

लेकीची रजा

२०२२ च्या सरकारी पाहणीत एका वर्षात शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेले १ लाख ६ हजार लोक सापडले. त्यातल्या सुमारे ८० हजार बायका. कायद्याने रजा आहे: दर नातेवाइकामागे ९३ दिवस, तीन तुकड्यांत, पगाराच्या ६७ टक्के रोजगार विम्यातून. बहुतेक जण ही रजा स्वतः सेवा करण्यात घालवतात आणि तीन महिन्यांनी हतबल होऊन राजीनामा देतात. रजेचा हेतूच तो नाही. पहिल्या तुकडीत अर्ज, सर्वेक्षण, केअर मॅनेजर, डे केअरची सवय हे सगळं लावून घ्यायचं आणि कामावर परत जायचं. उरलेल्या दोन तुकड्या पातळी बदलेल तेव्हासाठी आणि आश्रमात हलवताना. शिवाय वर्षाला ५ दिवसांची सुटी तासातासाने घेता येते. एप्रिल २०२५ पासून कर्मचारी चाळिशीला पोचला की मालकाने ह्या सगळ्याची माहिती देणं बंधनकारक आहे. मराठी कर्मचाऱ्यालाही ती मिळायला हवी, नसेल मिळाली तर मागावी.

जपानमध्ये पहिलं मूल होताना आईचं सरासरी वय ३१ आहे. मूल बालवाडीत आणि आई डे केअरला, असं दोन्हीकडे धावणाऱ्यांची संख्या २०१६ च्या सरकारी अंदाजानुसार अडीच लाखांहून अधिक, आणि त्यात बायका पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. सरकार एकीकडे मुलं व्हावीत म्हणून वर्षाला ३.६ लाख कोटी येन ओततं आणि दुसरीकडे त्याच बाईला म्हातारीच्या जेवणाच्या भेटी मोजायला लावतं. २०२४ चा जननदर १.१५ निघाला, ह्यात आश्चर्य कसलं.

दारात येणारी बाई

होमहेल्पर बहुतांश बायका आहेत, वय पन्नाशीच्या आसपास. भेटीच्या मिनिटांचे पैसे मिळतात. दोन घरांमधली सायकल, आयत्या वेळी रद्द झालेली भेट, नोंदी लिहिण्याचा वेळ ह्यांचे अनेक ठिकाणी मिळत नाहीत. प्रवासाचा वेळ कामाचा धरा, असा मंत्रालयाचा आदेश २००४ पासून आहे. २०१९ मध्ये तीन होमहेल्पर बायका सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या आणि हरल्या. एप्रिल २०२४ मध्ये तर घरभेटीचा मूळ दरच कापला: अर्ध्या तासाच्या आतल्या शुश्रूषेचे २५० युनिट २४४ झाले. त्या वर्षी घरभेटीच्या संस्थांची दिवाळखोरी उच्चांकाला गेली. ग्राहकाच्या बाजूने ह्याचा अर्थ एवढाच की खेड्यात आराखडा तयार असतो, माणूस नसतो. २०४० पर्यंत आणखी ५ लाख ७० हजार शुश्रूषा कर्मचारी लागतील, असा सरकारी अंदाज आहे.

ती कसर परदेशी मुलींनी भरून काढावी, असं आता ठरलंय. भारताशी ‘विशेष कौशल्य’ व्हिसाचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात जपानी शिकणाऱ्या नर्सिंगच्या मुलींसाठी वाट अशी: जपानीची मूलभूत परीक्षा किंवा एन-४ (जपानी भाषा परीक्षेची खालून दुसरी पातळी), शुश्रूषेची ४५ प्रश्नांची आणि शुश्रूषेच्या जपानीची १५ प्रश्नांची परीक्षा. ह्या व्हिसावर सहसा पाच वर्षं, कुटुंब आणता येत नाही. तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेलं प्रशिक्षण घेऊन जानेवारीतली १२५ प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा पास झाली तर ‘काइगो’ व्हिसा मिळतो: त्याला वर्षांची मर्यादा नाही, नवरा-मुलं आणता येतात. प्रश्नपत्रिका जपानीतच. एन-४ वर गेलेल्या मुलीला पाच वर्षांत तिथवर पोचायचं तर पहिल्या दिवसापासून अभ्यास हवा, म्हणून करार करण्याआधी संस्था भाषेच्या वर्गाला कामाच्या वेळेत सोडते का, ते लेखी घ्यावं.

एप्रिल २०२५ पासून ह्या मुलींना घरभेटीचं कामही दिलं जातं. अट अशी की प्राथमिक प्रशिक्षण झालेलं असावं, सहसा वर्षभर आश्रमात काम केलेलं असावं, आणि सुरुवातीचा काही काळ अनुभवी माणूस सोबत असावा. सोबतीचा काळ किती दिवसांचा, दोन घरांमधल्या प्रवासाचा पगार मिळतो का, एकट्या घरात कुणी हात धरला तर फोन कुणाला लावायचा आणि तो रात्रीही उचलला जातो का, हे प्रश्न मुलाखतीतच विचारावेत. उत्तर गुळमुळीत आलं तर आश्रमातलं काम मागावं. तिथे पाळीला निदान दुसरं माणूस असतं.